मान्नानमचा लाकडी छापखाना

पहिला दिवस : राशोल

जायचे होते केरळातल्या मान्नानमला, चावरा नावाच्या धर्मगुरूने १८४६ मध्ये तिथे उभारलेले एक लाकडी छापयंत्र पाहायला. पण गाडीचे तिकीट मी मडगावहून काढले, कारण त्याआधी राशोलला जाऊन यावे असे फार दिवस मनात होते. माझे वडील सांगलीच्या एका छोट्या छापखान्यात जुळारी, म्हणजे सुटी अक्षरे जुळवून मजकूर तयार करणारे कारागीर, होते. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, ते ठेवायची खणांची लाकडी पेटी म्हणजे केस, ओळ जुळवायची डाव्या हातातली स्टिक आणि ओळ भरली की ती गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, अलगद सरकवण्याची त्यांची लकब पाहत मी वाढलो, आणि पुढे माझेही आयुष्य छपाईतच गेले. त्यामुळे देवळाच्या किंवा चर्चच्या दारात उभे राहिलो, तरी इथे पहिले पुस्तक कोणी, कसे आणि कशावर छापले, हाच प्रश्न मला आधी सुचतो.

राशोल, म्हणजे जुन्या मराठी लेखनातले रायतूर, मडगावपासून जवळच जुवारी नदीच्या काठी आहे. इथल्या सेमिनरीची पांढरी इमारत टेकाडावर दुरूनच दिसते. १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रींचे ‘ख्रिस्तपुराण’, ख्रिस्ताची कथा सांगणारे ओवीबद्ध काव्य, याच गावी छापले गेले. भाषा आपली, ओवी आपली, पण अक्षरे मात्र रोमन. ती रोमन का, याचे उत्तर स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये आपल्या जेझुइट संघाच्या रोममधील प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात सापडते. मलबारात जशी तिथल्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जातात, तशी आपल्या प्रांतातही व्हावीत अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा आहे, असे ते लिहितात. पण इथली अक्षरे युरोपातल्या चोवीस अक्षरांसारखी सुटी नसून एकेक अक्षर म्हणजे पूर्ण उच्चार असल्यामुळे सुमारे ६०० साचे ओतावे लागतील आणि ते अशक्य वाटते, अशी अडचणही त्यांनी त्याच पत्रात मांडली आहे. देवनागरीची केस भरलेली पाहिलेल्या माणसाला ६०० हा आकडा मुळीच अतिशयोक्त वाटणार नाही. जोडाक्षरे, रफार, वेलांट्या, उकार असे सगळे वेगवेगळे धरले, की जुळाऱ्याचे हात किती घरांत फिरतात हे मी स्वतः पाहिलेले आहे.

गोव्यात छापयंत्र १५५६ मध्येच येऊन पोहोचले होते. तरीही तिथल्या लोकांच्या लिपीत पुस्तक छापण्याची स्टीफन्स यांची इच्छा १६१९ मध्ये त्यांच्याबरोबरच संपली. नदीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिलो. त्यांनी पत्रात ज्या मलबाराचे नाव घेतले, तिकडेच निघालो होतो म्हणून हे इथे नोंदवले. संध्याकाळी मडगावला परतून रात्रीची गाडी धरली.

दुसरा दिवस : कूनम्माव

सकाळी एर्नाकुलमला उतरलो. स्टीफन्स यांना मलबारची जी पुस्तके ठाऊक होती, ती तमिळ लिपीतली होती; १५७८ मध्ये कोल्लम इथे फादर एन्रिक एन्रिकिस यांचे एक छोटे धर्मपुस्तक त्या लिपीत छापले गेले होते. मल्याळम भाषेच्या वाट्याला मात्र छापील पुस्तक यायला आणखी जवळजवळ दोनशे वर्षे गेली. १७७२ मध्ये ‘संक्षेपवेदार्थम्’ हे पहिले मल्याळम पुस्तक निघाले, तेही रोममध्ये. म्हणजे केरळातल्या कॅथलिक माणसाला आपल्या भाषेतला प्रश्नोत्तरांचा छापील धर्मपाठ हवा असेल, तर तो समुद्र ओलांडून यायचा. उपासनेची भाषा सुरियानी, ही पश्चिम आशियातली जुनी भाषा, ती पाद्रींपुरती; आणि प्रार्थना उतरवून घ्यायच्या त्या ताडपत्रांवर, लोखंडी लेखणीने कोरून. ही परिस्थिती ध्यानात घेतल्याशिवाय कुरियाकोस एलियास चावरा या धर्मगुरूने काय केले, त्याचे मोल कळत नाही.

चावरा यांच्या आयुष्याची शेवटची वर्षे कूनम्माव इथे गेली. एर्नाकुलमहून परवूरकडे जाणाऱ्या बसने वराप्पुळा ओलांडले की हे गाव लागते. सेंट फिलोमिना चर्चलगतच्या मठात ३ जानेवारी १८७१ रोजी त्यांचे निधन झाले. ती खोली अजून जपून ठेवली आहे. तिच्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या बायका हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत होत्या आणि त्यांतल्या एका आजींच्या हातात कोपरे झिजलेले छोटे प्रार्थनापुस्तक होते. भाविकांची नजर खोलीकडे होती. माझी नकळत त्या पुस्तकाच्या शिवणीकडे गेली, याची पुढे बराच वेळ रुखरुख वाटत राहिली.

कूनम्मावलाच १८६६ मध्ये त्यांनी स्त्रियांचा संन्यस्त संघ सुरू केला. त्यांचे पहिले निवासस्थान बांबूच्या तट्ट्यांचे होते, म्हणून लोक त्याला ‘पनम्बुमठम’, तट्ट्यांचा मठ, म्हणत. हाताशी जे साहित्य आहे त्यातून काम उभे करायचे ही या माणसाची रीत होती, आणि छापखान्याची गोष्टही त्याच रीतीची आहे. पुढे १८७६ मध्ये ‘सत्यनादकाहळम्’ हे नियतकालिकही याच गावातून निघाले.

तिसरा दिवस : कोट्टयम

कोट्टयमला ‘अक्षरनगरी’ म्हणतात आणि गावात फिरताना ते नाव शोभते. वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, प्रकाशकांची दुकाने आणि जुन्या पुस्तकांचे ढीग वाटेवर सतत भेटतात. १९८९ मध्ये संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झालेले हे देशातले पहिले शहर. लेखकांनी १९४५ मध्ये सहकारी तत्त्वावर उभारलेली प्रकाशनसंस्थाही इथलीच.

इथली छपाई सुरू केली ती बेंजामिन बेली या इंग्रज मिशनऱ्याने. चर्च मिशनरी सोसायटीचा हा प्रॉटेस्टंट पाद्री १८२० च्या सुमारास कोट्टयममध्ये छापखान्याची जुळवाजुळव करत होता. विश्वकोशातले वर्णन वाचून त्याने स्थानिक सुताराकडून लाकडी यंत्र करवून घेतले आणि सोनार-लोहारांच्या मदतीने मल्याळम खिळे ओतले. आज मल्याळम अक्षरांना जो देखणा गोलवा आहे, तो छपाईत रुळवण्याचे श्रेय बरेचसे बेलीचे मानले जाते. १८२४ मध्ये मुलांसाठी कथांचे पुस्तक, १८२९ मध्ये नवा करार, मग शब्दकोश, असे त्याचे काम वाढत गेले. त्याने उभारलेले होली ट्रिनिटी चर्च आणि जवळच्या सी.एम.एस. कॉलेजची झाडी पाहण्यात माझी दुपार गेली.

आपल्या मुंबईतही जवळजवळ याच काळात असेच घडले होते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातली यंत्रे पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतः खटपट करून लाकडी यंत्र तयार केले आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. छापलेले धर्माचे पुस्तक हाताळावे की नाही अशी शंका लोकांना होती; शाईत चरबी असते म्हणून विटाळ मानला जाई. ती शंका फेडण्यासाठी गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. मिशनचे यंत्र पाहावे आणि आपल्या लोकांसाठी, आपल्या हातांनी तसेच दुसरे घडवावे, हा ध्यास मुंबईच्या त्या भंडारी गृहस्थाला आणि त्रावणकोरच्या सुरियानी कॅथलिक धर्मगुरूला सारखाच लागलेला होता. दोघांना एकमेकांची नावेही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून मला त्याचे अधिकच अप्रूप वाटते.

चौथा दिवस : मान्नानम

कोट्टयमहून मान्नानम दहा-बारा किलोमीटर. सोबतीला तिथल्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर होते. ते मला ‘सार’ म्हणत आणि मी त्यांना ‘मास्तर’. चावरांविषयी बोलताना मात्र ते नेहमी ‘चावरा अच्चन’ म्हणत. अच्चन म्हणजे बाप, आणि केरळात पाद्रीलाही हाच शब्द. रस्ता रबराच्या बागांमधून चढत गेला आणि टेकडीच्या माथ्यावर मठ, चर्च, शाळा असा सगळा परिसर एकदम समोर आला. या जागेला आरंभी सुरियानीत ‘बेस् रौमा’, उंचावरचे घर, असे नाव होते. मठाला मल्याळममध्ये ‘दर्शनवीडु’ म्हणत.

पायाचा दगड ११ मे १८३१ रोजी बसला. त्यामागे तीन धर्मगुरू होते: पालक्कल तोमा मल्पान, पोरुकरा तोमा मल्पान आणि त्या दोघांहून तरुण असे चावरा. मल्पान म्हणजे सुरियानीचा गुरू. पालक्कल १८४१ मध्ये गेले आणि १८४६ च्या जानेवारीत पोरुकराही गेले. सोबतीची दोन्ही वडीलधारी माणसे गमावलेला ४१ वर्षांचा हा माणूस त्याच १८४६ मध्ये मान्नानमला संस्कृत शाळा उघडतो आणि छापखानाही सुरू करतो. मास्तरांनी हे सांगितले तेव्हा मी त्यांना दोनदा विचारून साल पक्के करून घेतले.

छापखाना कसा झाला, याची मान्नानमला सांगितली जाणारी हकिकत अशी. कोट्टयमचा छापखाना पाहण्याची सोय काही झाली नाही. तेव्हा चावरा तिरुवनंतपुरमला गेले, तिथला सरकारी छापखाना त्यांनी बारकाईने पाहिला, मनात साठवला आणि परत आल्यावर केळीच्या खोडाचे तुकडे कापून त्या यंत्राचा नमुना रचून सुताराला दाखवला. सुताराने त्यावरून लाकडात यंत्र केले. खिळे स्थानिक कारागिरांकडून ओतून घेतले. त्या छापखान्याला संत योसेफाचे नाव दिले. केरळातला हा तिसरा छापखाना आणि, महत्त्वाचे म्हणजे, परदेशी माणसाच्या किंवा सरकारच्या मदतीवाचून उभा राहिलेला पहिला.

केळीच्या खोडाची गोष्ट ऐकून लोक कौतुकाने हसतात. मला ती कारागिराच्या शहाणपणाची वाटते. आपण सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खुंट बांधतो तेव्हा कोयत्याच्या एका घावात ते कसे कापले जातात हे सगळ्यांनी पाहिलेले असते. खोड परसात फुकट मिळते, साध्या सुरीने हवे तसे कापता येते, बांबूची काडी टोचली की दोन तुकडे जोडले जातात आणि चुकले तर दुसरे खोड तयार असते. सुताराला कागदावरचा नकाशा वाचता येईलच असे नाही, पण हात लावून पाहता येईल असा नमुना समोर ठेवला, की कोणता भाग सरकतो, कोणता दाबतो आणि कोणता स्थिर राहतो हे त्याला सांगावेच लागत नाही. चावरांचा जन्म कुट्टनाडचा. तिथे होड्या, पाण्याचे रहाट आणि धान्याच्या पेट्या घडवणारे सुतार पिढ्यान्‌पिढ्या होते. लाकडाशी कसे बोलायचे, हे त्या मातीतल्या माणसाला माहीत असणारच.

मठाच्या संग्रहालयात ते यंत्र ठेवले आहे. त्याच्यापुढे आलो आणि पहिली काही मिनिटे मी मास्तरांशी बोललोच नाही. अशा हातयंत्राची चाल मला वडिलांच्या तोंडून ठाऊक होती. जुळवलेला मजकूर चौकटीत आवळून फर्मा तयार करायचा, तो सपाट पाटावर ठेवायचा, शाईच्या गादीने खिळ्यांच्या तोंडांवर बेताने शाई थोपटायची, ओलसर केलेला कागद वर अंथरायचा, पाट दाबाखाली सरकवायचा आणि दांडा खेचायचा. दांडा सोडला, पाट बाहेर ओढला, कागद उचलला, की एक बाजू छापून झाली. पुन्हा शाई, पुन्हा कागद. दाब कमी पडला तर अक्षरे उपाशी, जास्त झाला तर कागदाच्या पाठीवर उठाव. लाकडाच्या यंत्रात पावसाळ्यात सांधे फुगतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, म्हणजे दाबाचे गणित ऋतूबरोबर बदलत जाणार. केरळच्या हवेत तर हे सांभाळणे किती कठीण गेले असेल! मल्याळमची जुनी लिपी जोडाक्षरांनी इतकी समृद्ध होती, की १९७१ च्या लिपीसुधारणेत ती मुद्दाम सोपी करावी लागली. आणि या माणसांनी सगळी अक्षरे त्याआधी सव्वाशे वर्षे शिशात ओतून घेतली होती. राशोलला स्टीफन्स यांना अडवणारे ते ६०० साचे मला इथे पुन्हा आठवले. मलबारात त्या अडचणीतून वाट काढली गेली, आणि ती काढणारे त्या लिपीतच वाढलेले लोक होते.

पहिले पुस्तक त्याच साली, १८४६ मध्ये, निघाले: ‘ज्ञानपीयूषम्’, प्रार्थनांचा संग्रह. मला ही निवड फार समजूतदार वाटते. त्या वेळी वाद घालणारी पुस्तके काढणे सोपे होते. शेजारी प्रॉटेस्टंट छापखाना जोरात चालू होता आणि उत्तर देण्याचा मोह मोठा असणार. चावरांनी आधी घराघरांत संध्याकाळी दिव्यापुढे उघडता येईल असे पुस्तक दिले. ताडपत्रावरची प्रत एखाद्याच घरी असते आणि कोरणाऱ्याच्या चुकांसह पुढे जाते. छापील पुस्तकाने एका गावात म्हटलेली प्रार्थना दुसऱ्या गावात शब्दशः तीच राहते. उपासनेची सुरियानी पाद्रींच्या ओठांवर होती, तिच्या शेजारी लोकांची मल्याळम पहिल्यांदाच कागदावर, त्यांच्याच गावात तयार होऊन आली.

पण छापखान्याला वाचक लागतात. मास्तरांनी मला मठाच्या अंगणातच थांबवून हे ठासून सांगितले आणि त्यांचे म्हणणे मला पटले. १८६१ मध्ये चावरांकडे आपल्या सुरियानी कॅथलिक समाजाचे महाव्हिकारपद, म्हणजे बिशपच्या वतीने कारभार पाहण्याचे पद, आले आणि १८६४ मध्ये त्यांनी प्रत्येक चर्चबरोबर एक शाळा काढण्याचा आदेश दिला. पळ्ळि म्हणजे चर्च. शाळेला मल्याळममध्ये पळ्ळिक्कूडम म्हणतात, तो शब्द लोक या आदेशाशी जोडतात. मुले उपाशी येऊ नयेत म्हणून घरोघरी रोजच्या शिजवण्यातले मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायची प्रथा त्यांनी रुजवली. तिला ‘पिडियरी’ म्हणतात. आपल्याकडच्या मुष्टिफंडाची कल्पना याहून वेगळी नाही. छापखाना, संस्कृत शाळा, गावोगावची पळ्ळिक्कूडमे आणि मूठभर तांदूळ या सुट्या सुट्या गोष्टी म्हणून मी घरी वाचल्या होत्या. टेकडीवर उभे राहून पाहिल्यावर त्या एकाच माणसाने एकामागून एक रचलेल्या ओळी आहेत असे वाटले.

या छापखान्यातूनच १८८७ मध्ये ‘नसराणी दीपिका’ निघाली. तिचे संपादक निधीरिक्कल माणी कत्तनार, म्हणजे तेही धर्मगुरूच. १९२७ मध्ये ती दैनिक झाली आणि आज ‘दीपिका’ या नावाने चालू असलेले सर्वांत जुने मल्याळम वृत्तपत्र म्हणून ओळखली जाते. चावरा तोवर हयात नव्हते. त्यांचे अवशेष १८८९ मध्ये कूनम्मावहून इथे आणले गेले आणि मान्नानमच्या चर्चमध्ये समाधी झाली. २०१४ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. समाधीपुढे गर्दी होती, मेणबत्त्या होत्या, नवस फेडणारी कुटुंबे होती. मीही काही वेळ बसलो. प्रार्थना माझ्या धर्माची नव्हती, पण जुळाऱ्याच्या मुलाने हात जोडावेत अशी ती जागा होती आणि मी मनापासून जोडले.

मास्तरांची एक खंत मात्र लिहिलीच पाहिजे. येणारे यात्रेकरू समाधीपाशी येतात आणि तिथूनच परत फिरतात. यंत्रापर्यंत जाणारे थोडे. ते म्हणाले, “सार, अच्चनांचे हात तर या लाकडाला लागले होते.”

पाचवा दिवस : कैनकरी

आलप्पुळाहून सरकारी बोटीने कैनकरीला गेलो. कुट्टनाडात भातखाचरे पाण्याच्या पातळीखाली आहेत आणि घरे बांधांवर; शाळेची मुले, दुधाचे कॅन, कोंबड्यांच्या पाट्या, सगळे बोटीनेच येते जाते. १० फेब्रुवारी १८०५ रोजी चावरांचा जन्म इथे झाला. ते जन्मघर जपले आहे. लाकडी भिंती, ठेंगणे दार. आत जाताना वाकावेच लागते. भिंतीची एक फळी दुसरीत कशी बसवली आहे ते निरखत राहिलो आणि कालचे यंत्र आपोआप आठवले.

१८६८ मध्ये कूनम्मावला असताना चावरांनी या आपल्या गावच्या कुटुंबांसाठी एक दीर्घ पत्र लिहिले. ‘ओरु नल्ल अप्पंटे चावरुळ्’, म्हणजे एका चांगल्या बापाचे मृत्युपत्र, या नावाने ते ओळखले जाते. त्याची मल्याळम पुस्तिका मी काल मान्नानमला घेतली होती. परतीच्या बोटीत शेजारी बसलेल्या महाविद्यालयीन मुलीला ती माझ्या हातात दिसली आणि तुम्हाला हे वाचता येते का, असे तिने इंग्रजीत विचारले. नाही म्हटल्यावर तिने पुस्तिका घेतली, पाने उलटली आणि पुस्तकांविषयीचा भाग शोधून मला अर्थ सांगितला: वाईट पुस्तके घरात ठेवणे म्हणजे गवतात विस्तव लपवण्यासारखे आहे, आणि चांगली पुस्तके हा घरातला ठेवा आहे. मग अर्थ सांगायचे सोडून ती मूळ मल्याळमच मोठ्याने वाचू लागली. समोरच्या बाकावरच्या दोन बायका बोलायच्या थांबल्या. आलप्पुळाचा धक्का येईपर्यंत ती वाचत होती.